वारा बघून टेबल धरा

खाण्यापिण्याबद्दल वाचकांचे प्रश्न. उत्तरं देतात सोलापूरच्या गार्डन हॉटेलांत वेटरपासून कॅप्टनपर्यंत (म्हणजे वेटरांच्या प्रमुखापर्यंत) नोकरी करून निवृत्त झालेले आमचे स्तंभलेखक.

प्रश्न : येत्या फेब्रुवारीत सासू-सासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत. हॉल नको, स्टेज नको, ‘घरचे सगळे मोकळ्यावर बसून निवांत जेवू’ एवढीच सासऱ्यांची मागणी आहे. म्हणून होटगी रोडच्या बाजूला एखादं गार्डन रेस्टॉरंट बघतोय. आम्ही सोळा जण. सासूबाईंचे गुडघे दुखतात. नणंदेचं सासर लिंगायत, ते पूर्ण शाकाहारी. आम्ही बाकीचे मटणवाले. धाकटी जाऊ तेलुगू. शिवाय पाच पोरं. मागे दिराच्या वाढदिवसाला असंच गेलो होतो, तर भाजी गार, रोट्या वातड आणि जेवण येईपर्यंत पोरं खुर्चीतच झोपलेली. यावेळी लक्षात राहील असं जेवण कसं जमवू?
— एक सूनबाई, जुळे सोलापूर

उत्तर : सूनबाई, त्या वातड रोट्यांचं खापर आचाऱ्यावर फोडू नका. गार्डन हॉटेलचं किचन पार मागच्या कोपऱ्यात असतं. तंदुरातून निघालेली रोटी दोन-तीन मिनिटं मऊ राहते. पोऱ्या ती घेऊन लॉनच्या कडेकडेनं, कारंज्याला वळसा घालून, झोपाळ्याभोवतीची पोरं चुकवत तुमच्यापर्यंत पोचतो, तोवर वाऱ्यानं तिची चप्पल केलेली असते. एसी हॉलमध्ये जे मागवतो तेच लॉनवर मागवलं की दुसरं काय होणार? उघड्यावर जेवायचं तर आधी वारा बघायचा, मेनूकार्ड नंतर उघडायचं. माझ्या नोकरीतलं निम्मं शहाणपण यातच आलं.

तेव्हा आधी एखाद्या मधल्या वारी संध्याकाळी दोघं नवरा-बायको हॉटेलवर जाऊन चहा घ्या आणि कॅप्टनला बोलवा. मालकाशी बोलून उपयोग नाही. मालक गल्ल्यावर बसून ‘होऊन जाईल’ म्हणतो, करायचं ते कॅप्टनलाच असतं. किचनचं दार कुठलं ते त्याला विचारा. त्या दारापासून जवळचं, पण जनरेटर आणि पार्किंगपासून लांबचं टेबल मागा. कारंज्याशेजारची जागा फोटोला झकास दिसते. जेवायला बसलात की तुषार ताटात येतात आणि सासऱ्यांना कोण काय बोललं ते ऐकू येत नाही. सासूबाईंसाठी फरशीवरचं टेबलच धरा. हिरवळीला दुपारी पाणी सोडलेलं असलं की खुर्चीचे पाय रुततात आणि गुडघे दुखणाऱ्या बाईला त्यातून उठताना दोघांनी हात द्यावा लागतो. (चार-पाच दिवसांआड नळ येणाऱ्या गावात एवढी हिरवळ राखतात कशी, हे मला नोकरीत असतानाही खटकायचं. बोअर आणि टँकर, आणखी काय.) हात असलेली जड खुर्ची आतल्या हॉलमध्ये असते. सांगितलंत तर पोरं उचलून आणतात.

महिना चांगला निवडलात. आपल्याकडे उघड्यावर जेवायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ खरा. मात्र रात्री नऊनंतर गारवा उतरतो, म्हातारी माणसं आखडून बसतात आणि ‘चला आता’ म्हणायला लागतात. गाडीत दोन चादरी टाका. सोलापुरात राहून एवढं तर जमेल.

साडेसातला बसा. साडेआठ ते साडेनऊ सगळ्या गावाला एकदम भूक लागते, किचनमध्ये केओटीची, म्हणजे ऑर्डरच्या चिठ्ठ्यांची, माळ लागते आणि तुमची चिठ्ठी शेवटच्या मण्याला. पोरांचं जेवण बसल्या बसल्या सांगून टाका: वरणभात, दही, पापड. त्यांचं आटोपलं की ती झोपाळ्यावर जातील आणि मोठ्यांना बोलायला मिळेल. ऑर्डर एकाच माणसानं द्यायची. सोळा जण सोळा बाजूंनी ओरडले की वेटर फक्त मान हलवतो, लिहीत काहीच नाही.

आता काय मागवायचं. सोळा जणांना चार भाज्या पुरतात. आठ मागवल्या की आठही गार होतात. रस्सा असलेलं, हंडीत येणारं, जाड बुडाचं सांगा. कोरड्या भाज्या आणि पातळ प्लेटमधले चिनी पदार्थ वाऱ्यावर टिकत नाहीत. रोटीऐवजी कडक भाकरी घ्या. तिला गार होण्याची भीती नाही, वातड होण्याची तर नाहीच. ती करतात तीच मुळी वाळवून ठेवायला. मंगळवेढ्याकडच्या मालदांडी ज्वारीची असेल तर विचारूच नका. त्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालंय. सोबत शेंगाचटणी, पण उखळात कुटलेली. मिक्सरमध्ये फिरवली की तिचा नुसता भुगा होतो. कुटली की शेंगदाण्याचं तेल सुटतं, तिखट-लसूण त्यात मुरतं आणि बोटाला लाल ओशट राहतं. वर दही. मेनूकार्ड न उघडता एवढ्यावर अर्धं जेवण होतं, आणि तेवढ्या वेळात किचन तुमची हंडी नीट शिजवतं.

मटणाचं म्हणाल तर त्या दिवशी नको. राग आला तरी चालेल. स्वतंत्र भांडी, स्वतंत्र वाढपी असं सगळं सांगता येतं, हॉटेलवाले पाळतातही. पण नणंदेच्या सासूबाईंच्या मनात एकच तवा, एकच पळी घोळत राहते आणि त्या दहीभातावर उठतात. पन्नास वर्षांच्या संसाराचं जेवण आहे, एक वेळ सगळ्यांनी शेंगाआमटी ओरपली तर कुणी वाळणार नाही. शुद्ध शाकाहारी ठिकाण धरा आणि मटण दुसऱ्या दिवशी घरी करा. ते हॉटेलपेक्षा चांगलं होईल हे तुम्हालाही ठाऊक आहे.

जाऊबाईंसाठी भात भाकरीबरोबरच मागवा. आपण भात शेवटी घेतो. त्यांच्याकडे जेवण भातानं सुरू होतं आणि आपल्या टेबलावर बिचारी अर्धा तास पापड मोडत बसते. वेटरशी तेलुगूत बोलायला सांगा, बहुतेक समजेल. मराठी, कानडी, तेलुगू अशा तिन्ही भाषांत ऑर्डर घेता येणं ही आमच्याकडे कॅप्टनची पहिली परीक्षा.

केक आणूच नका. लॉनवर मेणबत्ती पेटत नाही, ती पेटवण्यात, फोटोत आणि कुणाला कुणी भरवायचं यात वीस मिनिटं जातात, आणि तोवर हंडी गार. त्याऐवजी कॅप्टनला आदल्या दिवशी सांगून गव्हाची हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, करून घ्या. पातेल्यातच गरम राहते, वरून तूप सोडलं की दात नसलेल्यांनाही जमते, आणि नणंदेकडचे खूश.

प्रश्न : आमच्या ह्यांना मे महिन्यातसुद्धा सातला लॉनवर जाऊन बसायचं असतं. मला घामानं जेवण जात नाही. चूक कोणाची?
— अशोक चौक

उत्तर : घड्याळाची. मे महिन्यात आपल्याकडे सूर्य सातच्या सुमाराला मावळतो. दिवसभर ४२ अंशांत भाजलेली फरशी आणि कंपाऊंडची भिंत त्यानंतर दीड-दोन तास धग सोडत राहते. नऊला जा. फरशीवर बसू नका, हिरवळीवर बसा. तिला पाणी दिलेलं असतं, ती लवकर निवते. फेब्रुवारीतला सल्ला मेमध्ये उलटा होतो तो असा. आणि बटर पनीरच्या वाटेला जाऊ नका. ताक, कांदा, पिठलं-भाकरी. ह्यांना सातलाच निघायचं असेल तर आधी कंबर तलावावर फिरवून आणा.

प्रश्न : इतकी वर्षं लोकांना वाढलंत. तुमच्या स्वतःच्या लक्षात राहिलेलं जेवण कोणतं?
— एक नियमित वाचक, बार्शी

उत्तर : भारनियमनाच्या काळातलं एक आहे. लॉनवर सगळी टेबलं भरलेली. एका टेबलावर टेम्पोवाल्याचं कुटुंब, आईला पहिल्यांदा हॉटेल दाखवायला आणलेलं. बसल्या बसल्या आजीनं टॉवेलातली गाठोडी सोडली, तर आत कडक भाकरीची चळत. ‘बाहेरील खाद्यपदार्थ आणू नयेत’ ही पाटी बरोबर तिच्या डोक्यावर. मी जवळ गेलो, तर म्हणते, ‘‘हॉटेलात पोट भरंल का न्हाई, म्हून आणल्या बाबा.’’ मुलगा शरमेनं लाल. मी म्हटलं, असू द्या, आणि कांदा-लिंबू आणून ठेवलं.

तेवढ्यात लाईट गेली. जनरेटर दोरी ओढून ओढून सुरू होईना. तंदूर कोळशाचा, तो चालू; पण किचनमध्ये अंधार, मसाल्याचा डबा दिसेना, सगळ्या ऑर्डरी अडकल्या. अर्धा तास गेला. शेजारच्या टेबलावर नोकरदार जोडपं आणि त्यांची दोन पोरं, भुकेनं किरकिरणारी. आजीनं न विचारता दोन भाकऱ्या त्या पोरांपुढे सरकवल्या, वर चटणीचा गोळा. पोरं कडाकडा मोडून खायला लागली. मग पलीकडच्या टेबलावरून एकानं हसत हात पुढे केला, त्यालाही दिली. जनरेटर लागला तेव्हा तीन-चार टेबलांवर आजीची भाकरी पोचलेली होती आणि लोक एकमेकांची गावं विचारत होते.

नोकरदार बाईनं उपकार फेडायचे म्हणून पनीर मसाल्याची वाटी आजीकडे पाठवली. आजीनं एक तुकडा उचलून उजेडात धरला. ‘‘आगं बया, खरवसाला रश्श्यात बुडवलंय का?’’ सगळं लॉन हसलं. तिनं तो खाल्ला, आणि पुढची भाकरी दालतडक्यात कुस्करून घेतली. पनीरला परत हात लावला नाही.

मालक गल्ल्यावरून सगळं बघत होता. मला वाटलं आता पगारातून कापतो. रात्री हिशोब झाल्यावर त्यानं विचारलं, कडक भाकरी किती दिवस टिकते. पुढच्या मेनूकार्डात ती छापून आली.

प्रश्न : पाहुण्यांना घेऊन गार्डन रेस्टॉरंटमध्ये गेलो. बिलात सीजीएसटी, एसजीएसटी आणि वर ‘सेवाशुल्क’ असं तीनदा लावलेलं. पाण्याची बाटलीही छापील किमतीपेक्षा महाग. पाहुण्यांसमोर वाद नको म्हणून भरले. हे बरोबर आहे का?
— रेल्वे लाइन्स

उत्तर : चार गोष्टी चार ठिकाणी ठेवू. सीजीएसटी (केंद्राचा वाटा) आणि एसजीएसटी (राज्याचा वाटा) हे दोन कर दिसले तरी मिळून एकच जीएसटी आहे. साध्या रेस्टॉरंटला ५ टक्के, म्हणून अडीच आणि अडीच अशा दोन ओळी येतात. ते बरोबर. मात्र ज्या छोट्या हॉटेलनं कंपोझिशन योजना (उलाढालीवर ठरावीक दरानं स्वतःच कर भरायची सोय) घेतली आहे त्याला तुमच्याकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही. बिलावर तसं छापलेलं असतं, वाचून बघा.

सेवाशुल्क मात्र तुमच्या मर्जीचं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला सूचना काढल्या की हॉटेलनं ते आपोआप बिलात जोडायचं नाही, दुसऱ्या नावानंही घ्यायचं नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, तिथं २८ मार्च २०२५ ला सूचनाच कायम राहिल्या. तेव्हा ‘हे काढून द्या’ एवढं सांगा, नाहीच ऐकलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. पाण्याच्या बाटलीवर तुम्ही हराल. हॉटेलात बसून प्यायला दिलेल्या बाटलीला छापील किमतीचं बंधन नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलंय. साधं पाणी मागा.

आणि पाहुण्यांसमोर वाद नको असेल तर बिल टेबलावर येऊच देऊ नका. हात धुवायला उठल्यासारखं करून गल्ल्यावर जा, तिथंच वाचा, तिथंच बोला. टिप द्यायची ती वेटरच्या हातात. डब्यात टाकलेली वाटली जाते, पण कशी वाटली जाते ते मी चांगलं पाहिलंय.

प्रश्न : जूनमध्ये पहिला पाऊस पडून गेल्यावर छान हवा होती म्हणून लॉनवर जेवायला गेलो. ताटात पाखरंच पाखरं! हॉटेलवाल्यानं औषध मारायला नको का?
— विजापूर रोड

उत्तर : औषध मारलं असतं तर ते ताटात आलं असतं. ती वाळवीची पाखरं. पहिला चांगला पाऊस झाला की जमिनीतून उठतात, उजेडाकडे झेपावतात आणि थोड्या वेळानं पंख टाकून खाली पडतात. अशा संध्याकाळी आम्ही टेबलाजवळचे दिवे बंद करून लांबचा एकच पांढरा दिवा चालू ठेवायचो. सगळी झुंड तिकडे जायची. पांढऱ्या-निळसर दिव्यावर किडे जास्त येतात, पिवळ्यावर कमी. तुमच्या कॅप्टनला हे माहीत नसेल तर तुम्ही सांगा. नाहीतर तास-दोन तास उशिरा जा, तोवर जोर ओसरतो.

डासांसाठी पंखा मागा, तोही टेबलाच्या उंचीवर नको, खाली पायाकडे. डास दुबळं उडतात, पंख्याच्या झोतात त्यांना टिकता येत नाही आणि चावतात ते बहुतेक घोट्यालाच. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून इमारतीच्या पूर्वेच्या आडोशाचं टेबल धरा. छत्री उलटणार नाही, टिश्यू पेपर शेजारच्याच्या आमटीत जाणार नाही.

प्रश्न : मुलासाठी स्थळ आलंय. मुलीकडचे म्हणतात, घरी पोह्यांचा कार्यक्रम नको, बाहेर गार्डन रेस्टॉरंटमध्येच भेटू. आम्ही जुन्या वळणाचे, शेळगीत राहतो. जेवण सांगायचं का नुसता चहा? बिल कोणी द्यायचं?
— मुलाची आई

उत्तर : अक्का, मुलीकडचे शहाणे आहेत. घरी मुलगी ट्रे घेऊन येते आणि सगळे तिच्या हाताकडे बघत बसतात. हॉटेलात ट्रे वेटरच्या हातात असतो.

पूर्ण जेवण सांगू नका. नाही जमलं तर दोन तास एकमेकांसमोर डाळ-भात कालवत बसावं लागतं, मी असे चेहरे भरपूर पाहिलेत. संध्याकाळी साडेसहाला भेटा. चहा-कॉफी, भजी, पोरांना आइस्क्रीम. मनं जुळतायत असं दिसलं तर जेवण तिथंच पुढे सांगता येतं, आणि नाही दिसलं तर ‘अंधार पडला, निघतो आता’ म्हणायला सोय असते. दोघांना वेगळं बोलायचं असेल तर दोन माणसांचं टेबल आधीच सांगून ठेवा. ते दिसेल इतक्या जवळ आणि ऐकू येणार नाही इतक्या लांब असावं. झोपाळ्यावर पाठवू नका, तिथं पोरं ढकलायला येतात.

मुलगी वेटरशी कशी बोलते ते बघा, असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. तुमचा मुलगा कसा बोलतो ते मुलीकडचे बघत असतील. त्याला आधीच सांगून ठेवा की चुटकी वाजवून वेटरला बोलवायचं नाही.

बिल तुम्ही द्या. जाताच गल्ल्यावर सांगून ठेवायचं की दुसऱ्या कुणाकडून पैसे घ्यायचे नाहीत. मुलीचे वडील पाकीट काढतीलच. काढू द्या, ओढाताण करू नका. कॅप्टन हात जोडून ‘झालंय साहेब’ म्हणेल. मात्र कॅप्टनला हे सांगताना त्याला दोन्ही पाहुणे दाखवून ठेवा. भलत्याच टेबलाचं बिल भरलेले मुलाचे बापही मी पाहिलेत.